सात बारची स्टीम, सात अंशांचं पाणी: लॅगिंगच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

लॅगिंगच्या, म्हणजे पाइपवर चढवायच्या उष्णतारोधक आवरणाच्या कामाचा आवाका ठरला. बॉयलर हाउसमधून प्रोसेस हॉलकडे जाणारी १०० मिमीची स्टीम लाइन, तिचा हेडर (जिथून स्टीमच्या शाखा फुटतात तो जाड पाइप) आणि व्हॉल्व्ह, कन्डेन्सेट रिटर्न (स्टीमचं झालेलं पाणी परत आणणारी लाइन), गरम पाण्याची टाकी, थर्मिक फ्लुइडचा म्हणजे गरम तेलाचा छोटा लूप आणि पलीकडच्या इमारतीतली चिल्ड वॉटर लाइन. स्टीम ७ बारची, म्हणजे पाइप साधारण १७० अंश सेल्सिअसवर. चिल्ड वॉटर जाताना ७ अंश.

थर्मल कॅमेरा घेऊन सगळीकडे फिरलो. जुन्या लॅगिंगवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे. कॅमेऱ्यात तो २९ अंश दिसत होता, हात ठेवला तर ठेववेना. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किरणांनी उष्णता जवळजवळ सोडतच नाही, त्याची उत्सर्जकता ०.१ किंवा त्याहून कमी. त्यामुळे कॅमेरा पत्र्याचं नाही, पत्र्यात दिसणाऱ्या भिंतीचं तापमान वाचतो. ठिकठिकाणी काळी विजेची टेप चिकटवली, दोन मिनिटं थांबलो आणि टेपवर नेम धरला. ६३ अंश. आधीच्या पाहणी अहवालात ही लाइन 'समाधानकारक' लिहिली आहे, सोबत निळे-निळे फोटो. टेप न लावता काढलेले असणार, दुसरं काय!

उघडे व्हॉल्व्ह आणि फ्लँज (पाइपचे बोल्टने जोडलेले चकतीसारखे जोड) वेगळ्या वहीत टिपले. ते कॅमेऱ्यात शोधावे लागत नाहीत, जवळून जाताना गालाला कळतात.

१४ जानेवारी

हेडरवरचा पत्रा एका जागी उचकटला. आत रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर), त्याच्याखाली करड्या-पांढऱ्या प्लास्टरसारखा कडक थर आणि त्यातून डोकावणारे बारीक तंतू. काम तिथेच थांबवलं. जुन्या काळी मॅग्नेशियाच्या लॅगिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस मिसळत असत आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. उघडलेली जागा पाण्याची फवारणी करून ओली केली, प्लॅस्टिक गुंडाळून टेपने बंद केली. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. अहवाल येईपर्यंत हेडरच्या खोलीला कुलूप.

मुकादम म्हणाले, "साहेब, असलं आम्ही पूर्वी हातानं सोलायचो." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

१५ जानेवारी

जाडी ठरवण्याची बैठक. उत्पादन विभागाचा आग्रह ७५ मिमीचा, "एकदाच काय ते जाड करा" म्हणून. गणित करून कागद पुढे ठेवला. १०० मिमी पाइप, १७० अंश, भोवतालची हवा ३० अंश आणि स्थिर, रॉकवूलवर चकचकीत पत्रा असं धरलं, तर दर मीटरला उष्णता जाते ती अशी: उघडा गंजका पाइप सुमारे ९४० वॅट, २५ मिमी जाडीला ८५, ५० मिमीला ५५, ७५ मिमीला ४३.

उघड्या पाइपच्या एका मीटरमध्ये ताशी दीड किलोहून जास्त स्टीमचं पाणी होतं. पहिल्या २५ मिमीने त्यातली नव्वद टक्के गळती थांबते. पण २५ वर थांबता येत नाही, कारण पत्रा ६१-६२ अंशांवर जातो आणि माणसाचा हात लागेल अशा ठिकाणी ६० ही नेहमीची मर्यादा. ५० मिमीला पत्रा ४८ वर येतो. तिथून पुढच्या २५ मिमीने मीटरमागे वाचतात फक्त १२ वॅट.

आता व्हॉल्व्ह. फ्लँजवाला एक उघडा व्हॉल्व्ह ढोबळमानाने एक मीटर उघड्या पाइपइतकी उष्णता घालवतो. म्हणजे ७५ मिमीचा हट्ट धरून अठ्ठ्याहत्तर मीटर लाइनवर जे वाचवायचं, ते एका व्हॉल्व्हला जॅकेट घातलं की वाचतं. आमच्या यादीत असे व्हॉल्व्ह पानभर आहेत. बैठकीत यावर जरा शांतता पसरली, मग ५० मिमी मंजूर झालं आणि उरलेल्या पैशात जॅकेटं.

कोणीतरी पुस्तकातली क्रिटिकल त्रिज्या काढलीच: लॅगिंग घातल्याने उष्णता वाढते का? वाढते, पण त्यासाठी पाइपची त्रिज्या त्या मर्यादेपेक्षा लहान हवी. ०.०४ उष्णतावाहकतेच्या मालाला आणि साधारण १० च्या पृष्ठभागी गुणांकाला ती मर्यादा ४ मिमी येते. विजेच्या तारेला लागू, आपल्या पाइपला नाही.

२१ जानेवारी

प्रयोगशाळेचा अहवाल: अ‍ॅस्बेस्टॉस आहे. हेडरचं लॅगिंग काढायला परवानाधारक पथक येणार, बंदिस्त तंबू आणि हवा आत खेचणारी फिल्टर यंत्रणा घेऊन. आम्ही त्या भागात पाय ठेवणार नाही. वेळापत्रकात हेडर शेवटी ढकलला.

२७ जानेवारी

शटडाउन मिळालं, स्टीम लाइन सोलायला घेतली. सरळ लांबीवर विशेष काही नाही. जुनं रॉकवूल वरच्या बाजूला दबून चपटं झालं आहे, कारण लोक लाइनवरून चालत आले आहेत. खाली सपोर्टजवळ मात्र खरा प्रकार.

बाहेरच्या पट्ट्यात चौथ्या सपोर्टजवळ पत्र्याचा लांबीतला जोड वरच्या बाजूला, आकाशाकडे उघडणारा. सीलंट वाळून भेगाळलेलं. पत्रा काढल्यावर आतलं रॉकवूल तळाशी काळं आणि चिंब, पिळलं तर पाणी. त्याखाली पाइपवर गंजाचे पापुद्रे, एकावर एक, स्क्रूड्रायव्हर घातला की ताटलीएवढे सुटणारे. खरवडून अल्ट्रासॉनिक मीटर लावला. या पाइपची मूळ भिंत ६.०२ मिमीची, बाकी लाइनवर रीडिंग ५.८-५.९ च्या आसपास. इथे पाइपच्या तळाशी, घड्याळातल्या सहाच्या जागी, ३.३.

लॅगिंगखालचा गंज बाहेरून दिसत नाही, हीच त्यातली मेख. साध्या पोलादाला सर्वांत वाईट पट्टा शून्याच्या जरा खालपासून साधारण १७५ अंशांपर्यंत. आमची लाइन चालू असताना त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असते. एवढ्या तापमानाला पाणी उडून जायला हवं, पण आठवड्याच्या सुट्टीत लाइन बंद होते, गार होते, तेव्हा पाणी पाइपपर्यंत पोचतं. सोमवारी पुन्हा गरम. पाण्यातले क्षार मागे उरतात आणि दर फेरीला घट्ट होत जातात.

तेवढा तुकडा कापून नवा स्पूल, म्हणजे पाइपचा तयार तुकडा, टाकायचा. आजूबाजूचे सपोर्टही उघडणार, यादीत नव्हते तरी.

३० जानेवारी

स्पूल वेल्ड झाला, एक्स-रे ठीक. पाइप ब्लास्ट करून इपॉक्सी फिनॉलिक रंगाचे दोन हात. ठेकेदाराने झिंकचा प्रायमर सुचवला होता. तो लॅगिंगखाली नको. गरम आणि ओल्या जागी, ५० ते १७५ अंशांच्या दरम्यान, झिंक भराभर खपतं.

गरम पाण्याची टाकी स्टेनलेसची आहे, तिला गंज नाही असं समजून सगळे निर्धास्त. तिचा शत्रू क्लोराइड. साठ अंशांच्या वर, ओल आणि क्लोराइड एकत्र आले की स्टेनलेसला केसासारख्या भेगा जातात. टाकीसाठी कमी क्लोराइडचं प्रमाणपत्र असलेला मालच घ्यायचा, स्टोअरला तसं लिहून दिलं.

३ फेब्रुवारी

माल आला. रॉकवूलचे पाइप सेक्शन, ५० मिमी. पावसाची शक्यता होती, तरी ट्रकवाला गठ्ठे उघड्यावर उतरवू पाहत होता. थांबवला. कोरडी हवा उष्णता वाहते ०.०२६ ने, पाणी ०.६ ने, म्हणजे वीसपट. लॅगिंग म्हणजे शेवटी तंतूंनी जागच्या जागी धरलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की उरतं ते ओलं घोंगडं.

सेक्शन चढवताना आडवे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. उभ्या राइझरवर आधाराच्या रिंगा आधी वेल्ड करून घेतल्या. त्या नसल्या तर रॉकवूल वर्षा-दोन वर्षांत आपल्या वजनाने खाली सरकतं आणि प्रत्येक मजल्याच्या वरच्या अंगाला वीतभर पाइप उघडा पडतो, पत्र्याच्या आत, कुणाला न दिसता.

तारेने बांधताना एक पोरगा पक्कड जोरात पिळत होता, सेक्शनला कंबर पडत होती. मुकादमांनी ओरडून सोडवलं. बांधायचं, आवळायचं नाही.

६ फेब्रुवारी

क्लॅडिंग, म्हणजे लॅगिंगवरचा पत्रा. पत्र्याचा लांबीतला जोड बाजूला, घड्याळात तीन किंवा नऊच्या जरा खाली आणि वरचा पत्रा खालच्यावर, म्हणजे पाणी जोडावरून घसरून जातं. राइझरवर वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून. ऐकायला इतकं साधं, तरी सपोर्ट चारला तो जोड वरच्या बाजूला आला होता, कारण खालून उभ्या माणसाला तिथे स्क्रू मारणं सोपं.

एल्बोचे तुकडे पत्रेवाल्याने जागेवर आखले. कागदावर एक तुकडा काढतो, बाकीचे त्याच्यावरून छापतो, बीडिंग मशीनमधून काढतो. कडा एकमेकीत अशा बसल्या की सीलंट लावायच्या आधीच पाण्याचा पाइप मारला तरी आत थेंब नाही. या माणसाला पुढच्या कामालाही मागून घ्यायचा.

सपोर्टचा पाय पत्र्यातून बाहेर येतो तिथे मात्र सीलंटवर भिस्त ठेवायची नाही. छोटी छत्री करून बसवली. सीलंट तिच्याखाली.

१० फेब्रुवारी

व्हॉल्व्ह. मुकादमांचं म्हणणं, "साहेब, व्हॉल्व्हला कितीही घाला, मेन्टेनन्सवाले ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं गळतीरोधक पॅकिंग) आवळायला येतात, फाडतात आणि तसंच टाकून जातात." खरं आहे. म्हणून पत्र्याचा डबा किंवा कायमचं लॅगिंग नाही, सोडता येणारी जॅकेटं: काचेच्या कापडात शिवलेलं नीडल्ड ग्लासफायबर, बाहेरून सिलिकॉन लेप, पट्टे आणि डी-रिंग. एका माणसाने हत्याराशिवाय काढून परत घालता आलं पाहिजे, ही एकच अट. प्रत्येकावर व्हॉल्व्हचा नंबर पंच केलेली चकती. तशी नसेल तर पहिल्या शटडाउननंतर जॅकेटं कोपऱ्यात ढीग होऊन पडतात, कुठलं कुणाचं कळत नाही.

मेन्टेनन्सच्या फोरमनना बोलावून त्यांच्याच हाताने एक काढून-घालून घेतलं. पट्टा बॉनेटच्या (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाच्या) मागून जात होता, त्यांचा हात पोचेना. पुढून घ्यायला सांगितलं, शिवणाऱ्याने मापं बदलली.

काय झाकायचं नाही तेही आज रंगाने खुणावलं. ट्रॅप म्हणजे स्टीम अडवून पाणी तेवढं सोडणारा व्हॉल्व्ह. थर्मोडायनॅमिक ट्रॅपची टोपी मोकळी. तिच्यातली वाफ गार होऊन आटली की मगच आतली चकती उचलते, टोपी झाकली तर ट्रॅप सुस्तावतो आणि मागे पाणी तुंबतं. थर्मोस्टॅटिक ट्रॅपच्या आधीचा मीटरभर पाइपही उघडा, कन्डेन्सेट तिथे थोडं थंड व्हावं म्हणून. सेफ्टी व्हॉल्व्हचं निचऱ्याचं भोक आणि टाकीची नेमप्लेटही मोकळी.

जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटमध्ये सिलिंडर गरम ठेवण्याचा पहिला उपाय लिहिला आहे तो लाकडाच्या किंवा उष्णता सावकाश वाहणाऱ्या दुसऱ्या वस्तूच्या वेष्टनाचा. वॉटच्या स्टीम इंजिनाइतकंच जुनं काम आहे हे. तरी अंदाजपत्रकात कायम शेवटच्या पानावर!

१३ फेब्रुवारी

थर्मिक फ्लुइडचा लूप, २६० अंश. सरळ पाइपला रॉकवूल चालेल, फ्लँज आणि पंपाजवळ नाही. गळालेलं तेल तंतूंत शिरतं, पसरतं, हवेशी संथपणे मिसळत स्वतःच तापत जातं. नंतर कुणी पत्रा उचकटला की हवा मिळून पेट घेतं. जोडांच्या दोन्ही बाजूंना सेल्युलर ग्लास लावली, तिची छिद्रं बंद असल्याने तेल मुरत नाही. फ्लँज उघडेच ठेवले, त्यांना फक्त उडणारं तेल अडवणारी पत्र्याची ढाल. इथे थोडी उष्णता गेलेली परवडते.

१७ फेब्रुवारी

चिल्ड वॉटर. इथे सगळं उलटं आहे. गरम लाइनमध्ये ओल शिरली तर उष्णता तिला बाहेर ढकलते. थंड लाइनमध्ये हवेतली वाफ रात्रंदिवस पाइपकडे ओढली जाते, तिथे पाणी होऊन बसते आणि परत निघत नाही. म्हणून जाडी आणि वाफेचा अडसर, दोन्ही सारखेच महत्त्वाचे. जुनं लॅगिंग ग्लासवूलचं, वरच्या फॉइलला स्क्रूची भोकं. कापलं तर पाण्याची धार.

नवं काम नायट्राइल फोमचं, ५० मिमीच्या पाइपवर २५ मिमी. हवा ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के धरली तर दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते तापमान, २८ अंश. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग २८ च्या वर राहिलाच पाहिजे. काळ्या फोमचा पृष्ठभाग गणिताने ३० च्या आसपास येतो, कोरडा राहील.

मग आर्किटेक्टकडून निरोप: प्लँट रूममध्ये दिसायला बरं म्हणून याच्यावरही चकचकीत अ‍ॅल्युमिनियम घाला. गणित पुन्हा मांडलं. चकचकीत पत्रा आजूबाजूच्या भिंतींकडून किरणांनी येणारी उष्णता घेत नाही, त्यामुळे तोच पृष्ठभाग २७.५ वर उतरतो. दवबिंदूच्या खाली! आतलं लॅगिंग तसूभरही न बदलता लाइन घाम सोडायला लागेल. स्टीम लाइनवरही हेच घडतं, फक्त दिशा वेगळी: तिथे चकचकीत पत्र्याऐवजी रंगीत पत्रा घातला तर मीटरमागे ५५ ऐवजी ५९ वॅट जातात, पण पत्रा ४८ वरून ३९ अंशांवर येतो. म्हणजे हाताला गार लागणारी लाइन जास्त उष्णता घालवत असते.

दोन पर्याय पाठवले: फोम काळाच ठेवा, नाहीतर ३२ मिमी करा आणि पत्रा घाला. ३२ ला पृष्ठभाग २८.७ येतो, अगदी काठावर. दमट दिवशी तोही हरेल. उत्तर आलं, काळाच ठेवा.

जोड: गोंद दोन्ही तोंडांना, चिकट होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. ट्यूब ताणून जोड मिळवायचा नाही. ताणलेला फोम आखडतो आणि जोड उघडतो, म्हणून तुकडा बोटभर जास्तच कापायचा. हँगरच्या जागी कडक पीयूएफचे (पॉलियुरेथेन फोमचे) ठोकळे, नाहीतर लोखंडी क्लॅम्पमधून थंडावा बाहेर येतो आणि पहिला थेंब तिथेच दिसतो. गोंद पुरता वाळेपर्यंत, किमान दीड दिवस, पाणी थंड करायचं नाही असं ऑपरेटरला लिहून दिलं.

२१ फेब्रुवारी

स्टीम लाइन चालू केली. बॉयलरच्या ऑपरेटरने व्हॉल्व्ह अगदी बारीक उघडला, ड्रेन उघडे. गार लाइनला सुरुवातीला पाणी फार होतं, घाई केली तर वॉटर हॅमर, म्हणजे स्टीमने ढकललेलं पाणी पाइपवर आदळतं. ३० अंशांवरून १७० ला जाताना पाइप मीटरला १.७ मिमी वाढतो, आमच्या तीस मीटरच्या सरळ पट्ट्याला ५० मिमी. ही वाढ सामावणाऱ्या पाइपच्या वळणाजवळ एका ठिकाणी पत्र्याचा ओव्हरलॅप अपुरा होता, पत्रा जोडातून सरकून बाहेर आला. तिथे जास्त ओव्हरलॅपचा, स्क्रूशिवाय सरकणारा जोड केला.

थर्मिक लूप दुपारी. २०० च्या पुढे रॉकवूलमधला फिनॉलिक रेझिनचा बाइंडर जळतो, निळसर धूर आणि उग्र वास. अपेक्षितच, म्हणून अग्निशमनच्या माणसांना आधीच सांगून, पंखे लावून, डिटेक्टर त्यांच्याकडून तात्पुरते बाजूला करून घेतले होते. संध्याकाळपर्यंत वास ओसरला, डिटेक्टर परत जोडल्याची सही घेतली.

२४ फेब्रुवारी

टेपवर मोजमाप. स्टीम लाइनचा पत्रा ४६ ते ५०, गणिताशी जुळतो. एका राइझरला वरच्या टोकाशी ५८. उघडून पाहिलं, रिंगेजवळ दोन सेक्शनमध्ये बोटभर फट, रॉकवूल ठासलंच नव्हतं. भरून घेतलं, नंतर ४९. जॅकेटच्या बाहेर ५५ पर्यंत, चालेल. चिल्ड वॉटरवर टिश्यू पेपर फिरवला, कोरडा. फक्त पंपाच्या फ्लँजवर ओल, तिथला फोम उद्या पुन्हा.

२८ फेब्रुवारी

हेडरवर अ‍ॅस्बेस्टॉसवाल्या पथकाचं काम संपलं, हवेची चाचणी पास. आमची माणसं उद्यापासून आत. हेडरचा पाइप उघडा झालाच आहे, तर लॅगिंगआधी सर्व नॉझलची (शाखा जोडायच्या तोंडांची) जाडी मोजून घ्यायची.

कागदपत्रांत मेन्टेनन्सला दिलं: जॅकेटांची नंबरवार यादी, तपासणीच्या झाकणांचा नकाशा, सपोर्ट चार आणि शेजारच्या दोन सपोर्टची जाडीची रीडिंग, पुढच्या शटडाउनला त्याच जागी पुन्हा मोजण्यासाठी. लाइनवर चालू नये म्हणून दोन ठिकाणी पायऱ्यांचा प्लॅटफॉर्म मागितला आहे, मंजुरी बाकी. पीआरव्हीचं (स्टीमचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचं) जॅकेट अजून शिवून आलेलं नाही, तोवर तो उघडा.